अंगण वाकडं की नाचणारा? जुन्या लष्करी रायफली आणि नेमबाजीची पारख

नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण जुन्या लष्करी रायफलींच्या बाबतीत अर्धीच लागू पडते. इथं अंगण बऱ्याचदा खरोखरच वाकडं असतं. ऐन महायुद्धात घाईघाईनं बनलेली, दोन-तीन सैन्यांच्या हातून गेलेली आणि पुढं कित्येक वर्षं वंगणात बुडवून कोठारात पडलेली एखादी रायफल कुणी शंभर मीटरवर चालवली आणि पाच गोळ्या वीतभर पसरल्या, तर दोष नळीचा, काडतुसांचा की चालवणाऱ्याचा? नुसत्या कागदावरच्या भोकांवरून हे सांगता येत नाही. तरीही लोक छातीठोकपणे सांगतात. नवखा रायफलीला नावं ठेवतो, आणि रायफल विकणारा गिऱ्हाइकाच्या हाताला.

हे कोडं सोडवायचं तर दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. रायफल मुळात काय करू शकते ही एक, आणि माणूस काय करू शकतो ही दुसरी. संग्राहकाचं लक्ष पहिलीवर असतं, पण तो ज्या खुणा बघतो त्यांतल्या निम्म्या खुणांचा नेमाशी काही संबंध नसतो.

संग्राहक काय बघतो

रायफल हातात आली की संग्राहक आधी आकडे वाचतो. रिसीव्हरवरचा (नळीमागचा मुख्य सांगाडा) अनुक्रमांक, बोल्टवरचा (काडतूस आत ढकलून बंद करणारा दांडा), मॅगझिनच्या तळावरचा, कधी दस्त्यावरचाही. सगळे एकच असले तर ती रायफल कारखान्यातून निघाली तशीच, आपल्या मूळ भागांसह टिकली आहे असं मानतात आणि किंमत चढते. इथंच फसवणूकही होते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्याच्या हाती पडलेल्या जर्मन कार ९८के रायफली पुढं सुट्या केल्या गेल्या, साफ झाल्या आणि हाताला येतील त्या भागांनी पुन्हा जोडल्या गेल्या. मग बोल्टवर रिसीव्हरचा आकडा विजेच्या लेखणीनं कोरला. आकडे जुळतात, पण ते जुळवलेले आहेत. अशा रायफलींवर बऱ्याचदा छोटी फुलीची खूण असते. कारखान्यातला ठोकलेला आकडा आणि नंतर कोरलेला आकडा यांच्या कडा भिंगाखाली वेगळ्या दिसतात.

जपानी अरिसाकाचं उदाहरण आणखी गमतीचं. रिसीव्हरवर सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल, म्हणजे सम्राटाची खूण. शरणागतीनंतर बहुतेक रायफलींवरचं हे फूल घासून काढलं गेलं. फूल शाबूत असेल तर रायफल महाग, घासलेलं असेल तर स्वस्त. गोळीला मात्र फुलाशी काही देणंघेणं नाही. त्याच टाइप ९९ रायफलींपैकी बऱ्याच नळ्यांना आतून क्रोमचा मुलामा होता, आणि नेमाच्या दृष्टीनं फुलापेक्षा तो मुलामा कितीतरी मोलाचा.

सर्वांत जास्त नकली माल स्नायपर रायफलींचा. ब्रिटिश ली-एनफिल्ड नंबर ४ (टी) या स्नायपर रायफलीच्या दस्त्यावर, मनगट येतं त्या भागात, मूळ दुर्बिणीचा क्रमांक ठोकलेला असायचा. साध्या नंबर ४ ला दुर्बीण लावून ‘टी’ उमटवणारे भरपूर आहेत. त्यामुळं जाणकार आधी तो क्रमांक बघतो आणि दुर्बिणीच्या काचेतून नंतर.

काही आकडे मात्र जिवाशी खेळणारे असतात. अमेरिकन एम १९०३ स्प्रिंगफिल्डमध्ये स्प्रिंगफिल्ड आर्मरीचे ८,००,००० च्या खालचे क्रमांक असलेल्या रायफली चालवू नयेत असं सर्रास सांगतात. त्या काळी पोलाद तापवताना कारागीर तापमान रंगावरून ओळखत. लालबुंद पोलादाचा रंग ढगाळ दिवशी एक दिसतो आणि लख्ख उन्हात दुसरा. उजेडात काम करणाऱ्याला पोलाद कमी तापलंय असं वाटायचं आणि तो ते आणखी तापवायचा. अशातले काही रिसीव्हर ठिसूळ झाले आणि फुटले. अशी रायफल भिंतीवर छान दिसते, तिला तिथंच राहू द्यावं.

ली-एनफिल्ड, म्हणजे आपल्याला परिचित असलेली थ्री नॉट थ्री, घेताना बोल्ट बदललेला आहे का हे बघणं त्याच कारणासाठी गरजेचं. काडतूस आणि बोल्ट यांच्यामधली मोकळी जागा ठरावीक मापाची असावी लागते. नंबर ४ मध्ये त्यासाठी बोल्टचं डोकंच सुटं ठेवलं होतं आणि ते ० ते ३ अशा चार क्रमांकांत मिळायचं, क्रमांक वाढेल तशी लांबी जास्त. दुसऱ्याच रायफलीचा बोल्ट घातला की हे गणित चुकतं. ते मापायला ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेज असतात. बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून ते तपासून घेतल्याशिवाय पहिली गोळी झाडू नये.

नळी काय सांगते

नेमाचा विचार करायचा तर रायफल म्हणजे मुख्यतः नळी, आणि नळीतही सर्वांत महत्त्वाचं तिचं तोंड. गोळी नळी सोडते त्या क्षणी तिच्या बुडाभोवतीचा वायू सगळीकडून सारखा सुटला पाहिजे. तोंडाची कडा एका बाजूनं झिजली असेल तर वायू त्या बाजूनं आधी निसटतो आणि गोळीला तिरकस रेटा देतो. ही झीज गोळ्यांनी कमी आणि साफ करणाऱ्या सळईनं जास्त होते. बऱ्याच जुन्या रायफली मागून नीट साफ करता येत नाहीत किंवा सैनिक तेवढा त्रास घेत नसत. पोलादी सळई पुढून आत-बाहेर घासत राहायची आणि तोंडाशी आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचा, पुसून जायचे.

तपासणीची एक साधी रीत आहे. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करायची, बोल्ट काढून ठेवायचा, आणि मग त्याच मापाचं एक निकामी डमी काडतूस उलटं धरून गोळीचं टोक नळीच्या तोंडात अलगद सरकवायचं. चांगल्या तोंडात गोळीचा बराच भाग बाहेर राहतो. झिजलेल्या तोंडात ती जवळजवळ काडतुसाच्या मानेपर्यंत आत जाते. हे काटेकोर माप नव्हे, पण दहा रायफलींच्या रांगेतून दोन बाजूला काढायला पुरतं. अमेरिकन एम १ गॅरंड रायफलीसाठी तोंडाची आणि गळ्याची झीज आकड्यात सांगणारे खास गेज मिळतात. गळा म्हणजे काडतूस बसतं त्याच्या लगेच पुढचा भाग, जिथं आटे सुरू होतात.

सोव्हिएत कारखान्यांनी झिजलेल्या तोंडावर एक तोडगा काढला होता. तोंडाकडचा थोडा भाग आतून पोखरून आटे काढून टाकायचे, म्हणजे गोळी आतल्या धडधाकट कडेवरून सुटते. मोसिन-नागां या रशियन रायफलींच्या तोंडात डोकावल्यावर आटे जरा आतून सुरू होताना दिसले तर हा प्रकार झालेला असतो. संग्राहक नाक मुरडतात, पण अशा कित्येक रायफली छान चालतात.

आतून काळवंडलेल्या नळ्यांमागं रसायनशास्त्र आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरतं, आणि ते मीठच. मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि नळी गंजते. गंमत अशी की मीठ तेलात विरघळत नाही. गोळीबारानंतर नळीत भरपूर तेल ओतून निर्धास्त झोपणाऱ्याची नळी तेलाच्या थराखाली गंजत राहते. आधी पाणी, शक्यतो गरम, मग कोरडं फडकं आणि मगच तेल, हा क्रम सैनिकांना शिकवला जायचा.

स्वीडिश मॉझर एम/९६ इतकी शहाणी रायफल दुसरी नाही असं माझं मत. तिच्या दस्त्यावर एक पितळी चकती असते. शस्त्रागारात तपासणी झाली की नळीचं नेमकं माप आणि आतल्या गंजाची स्थिती या चकतीवर खुणेनं नोंदवली जायची. बाकी सैन्यांनी हा शिरस्ता पाळला असता तर विकत घेणाऱ्यांची निम्मी डोकेदुखी गेली असती.

चकती नसेल तेव्हा नळीचं खरं माप स्वतः काढायचं. मऊ शिशाचा गोळा नळीतून ढकलून बाहेर काढायचा आणि त्यावर उमटलेल्या आट्यांच्या ठशाचं माप मायक्रोमीटरनं घ्यायचं. थ्री नॉट थ्रीच्या नावातला आकडा आट्यांच्या कडांमधलं अंतर सांगतो. गोळीचा व्यास ०.३११ इंचाच्या आसपास असतो, आणि युद्धकाळात बनलेल्या नळ्या त्याहूनही सैल निघतात. सैल नळीत बारीक गोळी घातली की ती आटे धड पकडत नाही आणि कागदावर नेम विस्कटतो. अशा वेळी दोष रायफलीचाही नाही आणि माणसाचाही नाही, काडतुसांच्या खोक्याचा असतो.

चुकीच्या जागी लागणं आणि विखुरणं

आता एक फरक नीट समजून घेऊ, कारण निम्मे वाद इथंच मिटतात. पाच गोळ्या एका मुठीएवढ्या जागेत लागल्या, पण मध्यापासून हातभर वर, हा एक प्रकार. पाच गोळ्या मध्याभोवतीच, पण लांब लांब विखुरल्या, हा दुसरा. पहिला प्रकार साइटचा, म्हणजे नेम धरायच्या खाच-माशीचा. दुसऱ्याची कारणं शोधावी लागतात.

जुन्या रायफली पहिल्या प्रकारात हटकून चकवतात. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन गेवेर ९८ चं साइट ४०० मीटरपासून सुरू होतं. त्याखाली आकडाच नाही. शंभर मीटरवर मध्यावर नेम धरला की गोळ्या बऱ्याच वर जाणार, आणि यात काहीही बिघडलेलं नाही. एम १९०३ चं युद्धातलं साइट ५४७ यार्डांसाठी बसवलेलं होतं. मोसिन ९१/३० ची साइटं संगीन लावलेल्या अवस्थेत जुळवली जायची. संगीन काढली की नळीची थरथर बदलते आणि गोळ्या दुसरीकडे लागतात. त्या काळच्या सेनापतींना शत्रू लांबवर, उभा आणि रांगेत येईल असं वाटत होतं, साइटं त्या हिशेबानं बनली.

तीन, चार, पाच

विखुरण्याचं गणित बघायला हवं. ते अवघड नाही. विखुरणं कोनात मोजतात. एक मिनिट कोन म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, आणि शंभर मीटरवर तो साधारण २.९ सेंटिमीटर होतो. समजायला सोपं म्हणून मी शंभर मीटरवरचे सेंटिमीटरच वापरतो.

समजा रायफल आणि काडतुसं मिळून विखुरणं ६ सेंटिमीटर, आणि माणसाचं स्वतःचं ८. कागदावर दिसणार किती? १४ नाही. दोघांच्या चुका दर वेळी एकाच दिशेला होत नाहीत, कधी एकमेकींना खोडतातही. म्हणून वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं: ३६ अधिक ६४ म्हणजे १००, वर्गमूळ १०. शाळेतला काटकोन त्रिकोण, तीन-चार-पाचवाला.

आता या माणसानं पैसे मोजून दुप्पट अचूक रायफल आणली. ६ चे ३ झाले. कागदावर ८.५ दिसतात. एवढा खर्च करून दीड सेंटिमीटर! त्याऐवजी जुनीच रायफल ठेवून स्वतःचं विखुरणं ८ वरून ४ वर आणलं असतं तर कागदावर ७.२ आले असते. जो भाग मोठा, तो कमी केल्यानं फरक पडतो. लहान भागावर घाम गाळणं फुकट जातं.

याच गणिताची दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही. दोन चांगले नेमबाज घेऊ. टेबलावर वाळूच्या पिशव्यांचा आधार घेऊन एकाचं विखुरणं २, दुसऱ्याचं ४. पहिला दुसऱ्याच्या दुप्पट चांगला. दोघांना ६ सेंटिमीटरवाली तीच जुनी रायफल दिली तर कागदावर ६.३ आणि ७.२. हा फरक पाच गोळ्यांत ओळखूच येत नाही. म्हणजे आधारावर ठेवलेली जुनी रायफल चांगल्या नेमबाजांमधला फरक झाकून टाकते.

तीच रायफल त्यांना उभं राहून, आधाराशिवाय चालवायला सांगा. उभ्यानं माणसाचं विखुरणं सहज २५ सेंटिमीटर होतं. त्यात रायफलीचे ६ मिसळले तर २५.७. रायफल जवळजवळ गायबच झाली. आता कागदावर दिसतं ते सगळं माणसाचं. टेबलावर बसून ज्या रायफलीला ‘हिच्यावर काय कौशल्य मोजणार’ असं म्हणतात, तीच उभ्यानं चालवली की अगदी प्रामाणिक साक्षीदार ठरते.

तीन गोळ्यांचा भ्रम

मोबाइलवर लोक दाखवतात ते ग्रुप, म्हणजे कागदावरचे भोकांचे पुंजके, बहुधा तीन गोळ्यांचे असतात, आणि त्यातही त्या दिवशीचा सर्वांत सुंदर. दोन टोकांच्या भोकांमधलं अंतर मोजायचं तर गोळ्या वाढतील तसं अंतर वाढतच जाणार, कारण नवी गोळी ग्रुप मोठा करू शकते, लहान कधीच नाही. रायफल तीच, माणूस तोच, तरी तीन गोळ्यांचा सरासरी ग्रुप ५ सेंटिमीटर असेल तर पाच गोळ्यांचा साधारण ६.४ आणि दहांचा ७.९ च्या घरात जातो. शिवाय तीन गोळ्यांचा एखादा ग्रुप नुसत्या योगायोगानं सरासरीच्या निम्मा किंवा दीडपट येणं अजिबात दुर्मीळ नाही. तीन गोळ्यांवरून काडतुसाचा प्रकार निवडणारे बहुतेक वेळा नाणेफेकच करत असतात.

दहा गोळ्या हव्यात, वीस असल्या तर उत्तम. आणि बाहेर गेलेली गोळी ‘ती चुकून गेली’ म्हणून वगळायची नाही. वगळायची परवानगी एकाच अटीवर: कागद बघण्याआधी चालवणाऱ्यानं सांगितलं असेल की ही गेली.

गोळी कुठं गेली ते आधी सांगा

माझ्या मते नेमबाजाची सर्वांत भरवशाची परीक्षा हीच. गोळी सुटल्याबरोबर, दुर्बिणीतून बघण्याआधी, त्यानं घड्याळाच्या तबकडीप्रमाणं दिशा सांगायची: ‘दोन वाजता, जरा बाहेर.’ मग शेजारच्यानं बघायचं. चांगल्या नेमबाजाला गोळी सुटली त्या क्षणी पुढची माशी (नळीच्या टोकावरचा साइटचा भाग) कुठं होती ते डोळ्यांसमोर दिसतं. त्यानं सांगितलेली जागा आणि भोक सतत जवळ येत असतील, तर त्याच्याकडून चूक झाली तरी त्याला ती कळते, आणि जी कळते ती सुधारते. सांगितलेलं एकीकडे आणि भोकं सगळीकडे असा प्रकार असेल, तर दोन शक्यता उरतात. एक, रायफल विखुरते आहे. दोन, तो चाप दाबताना डोळे मिटतो आहे.

दुसरी शक्यता तपासायला डमी काडतूस. लष्करी काडतुसाचा दणका चांगलाच असतो, आणि पोलादी पट्टीचा दस्ता खांद्यात रुतला की शरीर पुढच्या गोळीला आधीच अंग चोरतं. साथीदारानं चालवणाऱ्याच्या नकळत कधी खरं काडतूस भरायचं, कधी डमी. डमीवर नुसतं ‘टक्’ होतं, आणि त्याच वेळी नळीचं तोंड झटक्यात खाली जातं, खांदा पुढं येतो, कधी डोळे गच्च मिटतात. बघणाऱ्याला हसू येतं, चालवणाऱ्याला मात्र पहिल्यांदाच कळतं की आपण इतके दिवस काय करत होतो. यावर औषध रिकाम्या रायफलीवर चाप दाबण्याचा सराव. जुन्या लष्करी चापाला दोन टप्पे असतात: पहिला सैल, मग एक भिंत लागते. भिंतीपाशी थांबून हळूहळू दाब वाढवायचा. ही सवय लागली की दणका कधी येणार हे शरीराला आधी कळत नाही, आणि अंग चोरणं सुटतं.

सैन्यांनी कौशल्य मोजायच्या आपापल्या रीती काढल्या, आणि त्या फक्त ग्रुपवर नव्हत्या. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश सैनिकाला ३०० यार्डांवर एका मिनिटात १५ गोळ्या झाडायच्या असत. ली-एनफिल्डच्या मॅगझिनमध्ये दहाच मावतात, म्हणजे मध्येच पाच-पाचच्या पट्टीनं भरणं आलं. खांद्यावरून रायफल न काढता बोल्ट चालवणं, हात चाचपडू न देणं हेही त्यात मोजलं जायचं. स्वित्झर्लंडमध्ये सैनिकांना ३०० मीटरवर सक्तीचा कार्यक्रम पुरा करावा लागतो: २० गोळ्या, जास्तीत जास्त ८५ गुण, उत्तीर्ण व्हायला ४२. सरकारला तिथं सगळे विजेते नको आहेत, निम्मं तरी जमणारी माणसं हवी आहेत.

अमेरिकेत कॅम्प पेरीला भरणाऱ्या जॉन सी. गॅरंड सामन्यात जुन्या एम १ रायफली २०० यार्डांवर चालतात. आडवं पडून सावकाश दहा, आडवं पडून भरभर दहा, उभं राहून दहा, एकूण ३०० गुण. लक्ष्याचं दहा गुणांचं वर्तुळ सात इंचांचं. हे माप हुशारीनं निवडलेलं वाटतं, कारण बरी जुनी रायफल त्यात सहज मावते आणि उरलेला हिशेब चालवणाऱ्याचा.

फिनलंडच्या सिमो हायहाचं नाव अशा गप्पांत येतंच. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात ५०० हून जास्त शत्रूसैनिक त्याच्या नावावर लागले, आणि रायफल होती मोसिनवरूनच बनवलेली एम/२८-३०, दुर्बिणीविना. यावरून ‘कुठलीही मोसिन चालते’ असा निष्कर्ष काढणं मात्र चूक. फिनलंडनं त्या रायफलींच्या नळ्या, साइट आणि चाप यांवर बरीच मेहनत घेतली होती.

दोन माणसं दोन रायफली घेऊन भांडत असतील तर सोपा निवाडा आहे. दोघांनी आधी आपापल्या रायफलीनं दहा-दहा गोळ्या झाडाव्यात, मग रायफली अदलाबदल करून पुन्हा दहा-दहा, काडतुसं एकाच खोक्यातली. चार कागद होतील. वाईट ग्रुप रायफलीबरोबर गेला तर नळी तपासा. माणसाबरोबर गेला तर डमी काडतूस काढा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची: कार ९८के, मोसिन आणि जुनी थ्री नॉट थ्री यांचं मागचं साइट म्हणजे नळीवर मध्येच बसवलेली खाच, तर गॅरंड आणि नंबर ४ ला डोळ्याजवळ गोल भोक. चाळिशीनंतर डोळ्यांना खाच, माशी आणि लक्ष्य तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. भोकातून मात्र बरंच निभावतं. म्हणून अदलाबदल एकाच तऱ्हेच्या साइटच्या रायफलींमध्ये करावी, नाहीतर चारही कागद नेमाऐवजी चष्म्याचा नंबर मोजतील.